संतासमोरचा माणूस

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. चिखल तुडवता तुडवता विठ्ठलनामात हरवलेला कुंभार, पायाखाली आलेले स्वतःचे तान्हे मूल, बायकोचा आक्रोश, तोडून घेतलेले हात आणि शेवटी पंढरपुरात कीर्तनाच्या रंगात परत मिळालेले सगळे काही. सिनेमावाल्यांना याहून तयार पटकथा कोण देणार? १९४८ मध्ये मद्रासच्या जेमिनी स्टुडिओने ‘चक्रधारी’ हा तमिळ चित्रपट काढला आणि त्यात नागय्या गोरा कुंभार झाले. १९७४ मध्ये ‘भक्त कुंबार’ या कन्नड चित्रपटात राजकुमार यांनी चिखल तुडवला. १९७७ मध्ये तेलुगू ‘चक्रधारी’त अक्किनेनी नागेश्वर राव आले. मराठी रंगभूमीवर अशोकजी परांजपे यांचे संगीत नाटक आले, त्याला जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत होते. तेरणाकाठच्या एका गावातला कुंभार दक्षिणेतल्या मोठमोठ्या नायकांना भूमिका देऊन गेला.

पण संतपट एकट्या संतावर चालत नाही. संतासमोर कोणीतरी उभे राहावे लागते. ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले. त्यांच्यासमोर सालोमालो होता, तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणारा. ते काम भागवत नावाच्या नटाने केले. पागनीसांची तसबीर लोकांनी घरात लावली, सालोमालोची कोण लावणार? तरीही सालोमालो नसता तर तुकारामाची सोशिकता दिसली नसती. अशी कामे करणाऱ्या नटांना आपल्याकडे चरित्र अभिनेते म्हणतात. पोस्टरवर त्यांचे नाव खाली असते, चेहरा बहुधा नसतोच. चित्रपट संपल्यावर मात्र नायकाच्या बरोबरीने तेच लक्षात राहतात.

हे प्रकरण अशाच एका नटाचे आहे. तो संत कधी झाला नाही. संतासमोरचा पंडित, जमीनदार, कारभारी आणि मंत्री मात्र वारंवार झाला. आणि तेर ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याशी त्याचा संबंध आला तो नट म्हणून नव्हे, डॉक्टर म्हणून.

डॉ. मोहन आगाशे यांचा जन्म २३ जुलै १९४७ चा, भोरचा. शिक्षण पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात, पुढे मनोविकारशास्त्रात एम.डी. आणि ससून-बीजेत अध्यापन. या एका कॉलेजाने मराठी रंगभूमीला किती डॉक्टर दिले, हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. कान-नाक-घशाचे शल्यविशारद डॉ. श्रीराम लागू इथलेच. बालरोगतज्ज्ञ आणि दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेलही इथलेच. पुढे लागूंनी शस्त्रक्रिया थांबवल्या आणि पूर्णवेळ नाटक पत्करले. आगाशे यांनी वैद्यकी सोडली नाही. मला वाटते, त्यांच्या नटपणाची चावी इथे आहे. महिन्याचा पगार कॉलेजातून येत असेल तर नटाला दर वर्षी दहा चित्रपट करावे लागत नाहीत. आणि नाव खाली छापले म्हणून झोप उडत नाही.

सुरुवात मात्र खाली नाव असलेल्या कामाने झाली नव्हती. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. आगाशे नाना फडणवीस झाले. पंचविशीतला मुलगा आणि पेशवाईतला मुरब्बी, विलासी कारभारी! भूमिका अवघड होती, कारण हे नाटक कीर्तन, खेळे, दशावतार, तमाशा अशा सगळ्यांच्या खांद्यावर उभे होते. त्यातला नाना नुसता बोलत नाही, तालावर पावले टाकतो. राजकारणातला माणूस लावणीच्या ठेक्यावर डोलू लागला की प्रेक्षकाला हसू येते, आणि पुढच्या क्षणी हसल्याची लाज वाटते. ही जागा नेमकी पकडली नाही तर नाना एकतर विदूषक होतो, नाहीतर खलनायक. आगाशे यांनी दोन्ही टाळले. त्यांचा नाना बिनघोर आहे. आपण काही वाईट करतो आहोत हे त्याच्या गावीही नाही.

हा बिनघोरपणा पुढे जन्मभर कामाला आला.

नाटकाचे पुढे काय झाले ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. ते रंगमंचावर आणणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननेच १९ प्रयोगांनंतर ते थांबवले. मंडळी संस्थेबाहेर पडली, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि जानेवारी १९७४ मध्ये ‘घाशीराम’ पुन्हा उभे केले. नाना फडणविसांची बदनामी होते, अशी ओरड झाली. १९८० मध्ये नाटक युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा विरोध पुन्हा पेटला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, तरी दौरा झाला. युरोपातल्या प्रेक्षकाला पेशवाई कळायचे कारण नव्हते. सत्ताधारी माणूस गरजेपुरता एक घाशीराम पाळतो आणि गरज संपली की त्याला जमावापुढे टाकतो, हे मात्र त्या खंडाला शिकवावे लागत नाही.

नाटकाच्या जोरावर चित्रपट आले, तेही त्याच मित्रमंडळींतून. जब्बार पटेलांच्या ‘सामना’मध्ये निळू फुले हिंदुराव धोंडे पाटील आणि लागू मास्तर. दोघांची जुगलबंदी अजून सांगितली जाते. त्या जुगलबंदीच्या मुळाशी एक गायब झालेला माणूस आहे, मारुती कांबळे. सगळा चित्रपट त्याचे पुढे काय झाले या प्रश्नावर चालतो. तो मारुती कांबळे म्हणजे आगाशे. पडद्यावर फार वेळ नसलेला, पण नाव सर्वांत जास्त वेळा घेतले जाणारा माणूस! चरित्र अभिनेत्याच्या कारकिर्दीला याहून समर्पक आरंभ सापडणे कठीण.

१९७५ मध्ये श्याम बेनेगल यांचा ‘निशांत’ आला. पटकथा तेंडुलकरांचीच. काळ १९४५ चा, मुलूख तेलंगणाचा, म्हणजे निजामाच्या राज्यातला. तेर आणि सगळा उस्मानाबाद जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता, त्यामुळे त्यातली गढी, त्यातले कारिंदे, देवळासमोर मान खाली घालून जाणारी रयत हे चित्र मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना परके वाटणार नाही. अमरीश पुरी थोरला जमीनदार. अनंत नाग, आगाशे आणि नसीरुद्दीन शाह त्याचे धाकटे भाऊ. शाळामास्तराची बायको हे भाऊ उचलून नेतात. चित्रपट नसीर यांचा पहिला म्हणून गाजला, शबाना आझमींसाठी गाजला. आगाशे यांचा मधला भाऊ मात्र पुन्हा पाहावा असा आहे. थोरल्याचा दरारा त्याच्याकडे नाही, धाकट्याचा संकोचही नाही. अन्याय करायला त्याला रागही यावा लागत नाही. दुसऱ्याच वर्षी ‘मंथन’मध्ये ते दूध सहकारी संस्था उभारायला आलेल्या डॉक्टरचे सहकारी देशमुख झाले, म्हणजे थेट पलीकडच्या बाजूला. ‘सिंहासन’मध्ये (१९७९) बुधाजीराव. मधेच १९७७ चा ‘जैत रे जैत’ आहे. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरच्या या चित्रपटात ते ठाकरवाडीतला ढोलिया नाग्या झाले, स्मिता पाटील चिंधी. हा त्यांचा नायक. हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली इतक्या लोकांच्या ओठावर बसल्या की नाग्या कोण होता हे अनेकांना थांबून आठवावे लागते.

आता ‘सद्गती’. सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी १९८१ मध्ये केलेला हा चित्रपट तासाभराचाही नाही. प्रेमचंदांची कथा, चित्रण छत्तीसगडच्या भागात. ओम पुरी दुखी, स्मिता पाटील त्याची बायको झुरिया, आगाशे गावचे पंडित. पंडिताचे नाव घासीराम. नाना फडणवीस झालेल्या नटाच्या वाट्याला घासीराम नावाची भूमिका यावी, हा योगायोग. पण प्रेमचंदांनी हे नाव तेंडुलकरांच्या नाटकाच्या चाळीस वर्षे आधी ठेवले होते.

दुखी मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला येतो. नुकताच आजारातून उठलेला. पंडित त्याला कामाला लावतो: ओसरी झाड, पोती वाहून ने, हा ओंडका फोड. उपाशीपोटी, भर उन्हात. पंडित जेवतो, वामकुक्षी घेतो, मधे येऊन ओंडका फुटला का ते बघतो, आळसाबद्दल बोल लावतो. कुठेही दात-ओठ खात नाही. दुखी त्या ओंडक्यावरच मरून पडतो. मग खरा पेच. चांभारवाड्यातून कोणी प्रेत उचलायला येत नाही, ब्राह्मण त्याला शिवू शकत नाही, आणि पाणवठ्याची वाट तिथूनच जाते. पहाटेच्या ओल्या उजेडात पंडित एकटा येतो, दोराचा फास प्रेताच्या पायात अडकवतो आणि ओढत गावाबाहेर नेतो. नंतर जागेवर गंगाजळ शिंपडतो.

या शेवटच्या भागातला अभिनय पाहण्यासारखा आहे. आगाशे पंडिताला राक्षस करत नाहीत. त्याला प्रेताचे ओझे झेपत नाही, धाप लागते, कोणी बघत तर नाही ना याची धास्ती वाटते. नको ते काम गळ्यात पडलेल्या गृहस्थाची कुरकुर आहे ती. पंडित दुष्ट दिसला असता तर प्रेक्षक सुटला असता. आपण काही तसे नाही म्हणून घरी गेला असता. संतपटातल्या सालोमालोची शेवटी फजिती होते, विठ्ठल धावून येतो, पुष्पक विमान येते. राय यांच्या चित्रपटात कोणी धावून येत नाही, पंडिताला शिक्षा होत नाही आणि त्याला पश्चात्तापही होत नाही. मराठी संतपटांनी उभ्या केलेल्या दांभिक पंडिताचा चमत्काराविना शेवट कसा असेल, याचे उत्तर भोरच्या या डॉक्टरने हिंदीत, एका बंगाली दिग्दर्शकाकडे दिले आहे. माझ्या मते पडद्यावरचे त्यांचे हेच सर्वश्रेष्ठ काम.

त्याच राय घराण्याने त्यांना उलट्या टोकाचीही भूमिका दिली. १९८६ मध्ये संदीप राय यांनी वडिलांच्या फेलूदा कथेवर दूरदर्शनसाठी ‘किस्सा काठमांडू का’ ही हिंदी मालिका केली. शशी कपूर गुप्तहेर फेलूदा, उत्पल दत्त खलनायक मगनलाल मेघराज आणि आगाशे लालमोहन गांगुली ऊर्फ जटायू, म्हणजे चुकीच्या माहितीने ठासून भरलेल्या थरारकथा लिहिणारा, भित्रा आणि निरागस लेखक. बंगालमध्ये जटायू म्हणजे संतोष दत्त हे समीकरण पक्के होते. परप्रांतातल्या नटाने त्या जागेवर बसणे म्हणजे आपल्याकडे चिमणरावाच्या भूमिकेत बंगाली माणूस उभा करण्यासारखे. नाना आणि पंडित करणारा नट हे करतो यात विशेष असे, की तिन्ही माणसे आपापल्या समजुतीत सुखी आहेत. पहिल्या दोघांची समजूत जीवघेणी आहे, तिसऱ्याची हास्यास्पद.

युरोपात असा नट शोधायचा तर पीटर लॉरे आठवतो. १९०४ मध्ये तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेला हा बुटका, मोठ्या डोळ्यांचा नट. व्हिएन्नात त्याची सुरुवात झाली ती याकोब मोरेनो यांच्या उत्स्फूर्त नाट्यमंडळीत, आणि हे मोरेनो डॉक्टर होते. रुग्णाकडून त्याच्याच आयुष्यातले प्रसंग करवून घेणारी मनोनाट्य ही उपचारपद्धती पुढे त्यांनीच रुजवली. म्हणजे नाटक आणि मनोविकारशास्त्र यांचे लग्न पुण्याच्या आधी व्हिएन्नात लागले होते. लॉरेने १९३१ च्या ‘एम’ या जर्मन चित्रपटात मुलांचा खून करणारा माणूस असा उभा केला की त्याची कीव यावी. नाझी सत्तेवर आले तेव्हा तो ज्यू असल्याने परागंदा झाला आणि हॉलिवूडला पोहोचला. ‘कॅसाब्लांका’त त्याला काही मिनिटेच आहेत, तरी तो विसरता येत नाही. १९५४ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर जेम्स बाँड पहिल्यांदा दिसला, तेव्हा त्याच्यासमोरचा खलनायकही लॉरेच होता. पण पोटासाठी त्याला पुढे स्वतःचीच नक्कल करत राहावे लागले. आगाशे यांच्यावर ती पाळी आली नाही, कारण सकाळी त्यांच्यासमोर रुग्ण बसलेले असत.

त्या दुसऱ्या कामाकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झालेले, माणसे थकून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची जमीन हादरली. तेरजवळून वाहणारी तेरणा पुढे ज्या पट्ट्यातून जाते, तिथली किल्लारी, सास्तूर ही गावे ढिगारा झाली. मराठवाड्यातली माळवदी घरे म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा जड थर. उन्हाळ्यात थंडगार, भूकंपात काळ. मृतांचा आकडा दहा हजारांच्या आसपास गेला, ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. घरे बांधायला सरकार, जागतिक बँक, देशभरच्या संस्था आल्या. पण अख्खे कुटुंब गेलेल्या माणसाचे मन कोण बांधणार, हा प्रश्न तेव्हा आपल्याकडे नवा होता.

आगाशे यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली होती. भूकंपानंतर वाचलेल्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हाती घेतला, त्याचे प्रमुख संशोधक आगाशे होते. छताखाली झोपायची भीती, झोपच उडणे, आपणच का वाचलो हा टोचणारा विचार, कशातच मन न लागणे: या तक्रारी घेऊन खेड्यातला माणूस मनोविकारतज्ज्ञाकडे जात नाही. त्याला डोके दुखते, छाती भरून येते, अंगात कसर वाटते. तेव्हा ऐकणाऱ्यालाच त्याच्यापर्यंत जावे लागते. पडद्यावर ज्यांनी रयतेचे कधी ऐकले नाही, अशा माणसांच्या भूमिका केलेल्या नटाचे हे दुसरे काम होते. नियतीला विनोद सुचतो म्हणतात, तो असा.

‘घाशीराम’च्या युरोप दौऱ्यात जर्मनीशी जुळलेले त्यांचे नाते तिथेच थांबले नाही. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरात मुलांसाठी वेगळीच नाटके होत. परी-राक्षस नाहीत, भांडणारे आईबाप, चिडणारे शेजारी, एकटी पडलेली मुले, आणि मुलांच्या भूमिका करणारे मोठे नट. आगाशे यांनी ही पद्धत पुण्यात आणायचा ध्यास घेतला. मॅक्स म्युलर भवनाच्या मदतीने थिएटर अकॅडमीने १९८६ मध्ये ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ केले, रूपांतर श्रीरंग गोडबोले यांचे. ग्रिप्सची मराठी नाटके तेव्हापासून होत आली, त्यातून नटांची एक पिढी घडली. जर्मनीने या कामासाठी त्यांना गोएथे पदक दिले. भारत सरकारची पद्मश्री १९९० मध्येच मिळाली होती. १९९७ ते २००२ या काळात ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालक होते. ती संस्था उभी आहे ‘प्रभात’च्या जागेवर, जिथे पागनीसांचा तुकाराम आणि भागवतांचा सालोमालो चित्रित झाले.

मीरा नायर यांच्या ‘मिसिसिपी मसाला’पासून (१९९१) पुढच्या भूमिकांची यादी मोठी आहे आणि सगळ्या सारख्या तोलाच्या नाहीत. नव्या हिंदी सिनेमाने त्यांना बहुतेक करून खुर्ची दिली: ‘गंगाजल’मध्ये पोलीस अधिकारी, ‘अब तक छप्पन’मध्ये माजी पोलीस आयुक्त प्रधान, ‘रंग दे बसंती’त संरक्षणमंत्री. कामे चोख आहेत, पण त्यांत शोध कमी आहे. अरुण खोपकरांच्या ‘कथा दोन गणपतरावांची’ या चित्रपटात मात्र दिलीप प्रभावळकरांसमोर त्यांनी धमाल केली. मूळ कथा गोगोलची, दोन जिवलग मित्रांच्या क्षुल्लक भांडणाची, आणि मराठी वाड्यात ती अशी बसली की रशियाची आठवणही येऊ नये.

आणि मग ‘अस्तु’. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटात (२०१३) आगाशे संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री झाले. पुन्हा पंडित! पण या पंडिताची स्मृती निघून चालली आहे. रस्त्यात हत्ती दिसतो आणि लहान मुलासारखे ते त्याच्या मागे निघून जातात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विस्मृतीच्या रुग्णांना उभा जन्म पाहिलेल्या डॉक्टरला लक्षणांचे प्रदर्शन मांडणे सोपे होते. आगाशे ते करत नाहीत. त्यांच्या शास्त्रीबुवांच्या चेहऱ्यावर बहुतेक वेळ कुतूहल आहे, भीती क्वचित. ज्ञान गेले, कुतूहल उरले. ‘सद्गती’तल्या पंडिताच्या डोळ्यांत नेमके तेच नव्हते. याच दिग्दर्शकद्वयाच्या ‘कासव’मध्ये ते नट आणि निर्माते दोन्ही होते. नैराश्यात बुडालेल्या तरुणाच्या या कथेला २०१६ चे सुवर्णकमळ मिळाले, ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतर मराठीला मिळालेले पाचवे.

ज्यांनी आगाशे यांना फक्त हिंदी चित्रपटांतल्या खुर्चीवर बसलेले पाहिले आहे, त्यांनी एका रविवारी दुपारी ‘सद्गती’ आणि संध्याकाळी ‘अस्तु’ पाहावा. क्रम उलटा करू नये.